मिसळणारे आकडे

नांदुऱ्याहून शेगावकडे जाणारा रूळ आमच्या गावाचं शिवार मधोमध कापत जातो. रुळाच्या अलीकडच्या अंगाला इंद्रभान सातवांचा मळा होता. वांगी, मेथी, पालक आणि थंडीत कांद्याचं रोप. माणूस उंच, काटक आणि मुलखाचा संशयी. विहिरीला पाणी लागलं असं कोणी म्हटलं, तर दगड टाकून आवाज ऐकल्याशिवाय तो मान हलवत नसे. त्याची बायको सोजराबाई पाणवठ्यावर सांगायची, "लग्नात यायनं अंतरपाट वर करून पाह्यला होता, नवरी तीच हाय का दुसरी म्हनून."

तरुणपणी दोन हंगाम तो खामगावला कापसाच्या जिनात कामाला होता. तिथल्या आखाड्यात लेझीम शिकला आणि गावी परतल्यावर मारुतीच्या देवळामागच्या मैदानात त्यानं पोरं जमवली. दसऱ्याला गावाची मिरवणूक निघे, तिच्यापुढे इंद्रभानचा संच खेळे. आजूबाजूच्या खेड्यांतही संच होते, पण त्याच्या संचात एक वेगळेपण होतं. खेळता खेळता ओळी बदलायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, आता गोंधळ उडणार. आणि दुसऱ्याच ठेक्याला सगळे नव्या ओळीत उभे.

त्यामागचा विचार त्यानं स्वतःच बसवला होता. समजा चोवीस गडी आहेत. त्यांच्या सारख्या दोन ओळी होतात, मग तीन, चार, सहा, आठ, बारा. कोणत्याही खेपेला एकही गडी उरत नाही. आता दोनाच्या तीन ओळी करायच्या तर नव्या ओळीत दोन्हीकडचे गडी यावे लागतात. तिनाच्या चार करताना परत तेच, चाराच्या सहा करताना तेच. दर खेपेला माणसं एकमेकांत मिसळतात, शेजारी बदलतो. म्हणून ते बघायला झकास दिसतं.

वीस गड्यांचं मात्र तसं नाही. विसाच्या दोन ओळी होतात आणि दोनानंतर एकदम चार. दोनाच्या चार करायला काहीच लागत नाही. प्रत्येक ओळ मधोमध तुटते, अर्धी बाजूला सरकते, बस. जुने सोबती तसेच राहतात, कारण चाराला दोनानं निःशेष भाग जातो. सोळा गड्यांची तर फारच रड. दोन, चार, आठ. नुसतं तुटतच जायचं, मिसळणं एकदाही नाही. एका लांब ओळीच्या पहिल्यांदा ओळी पाडताना आणि शेवटी प्रत्येकाला सुटं उभं करताना कोणताही आकडा तुटतोच, त्यामुळे त्या दोन खेपा तो धरत नसे. मधल्या सगळ्या खेपांना जो मिसळतो, त्याला तो म्हणे मिसळणारा आकडा. पंचविसासारखा, ज्याच्या एकदाच पाच ओळी होतात आणि मधली खेपच नाही, तो त्यांत येत नसे. बारा, चोवीस, तीस, छत्तीस हे मिसळणारे. वीस, अठ्ठावीस, चाळीस हे तुटणारे.

हे सगळं तो घरी चिंचोक्यांवर पडताळून बघे. ओसरीत तरट अंथरायचं, चिंचोके मांडायचे, ओळी मोडायच्या, पुन्हा मांडायच्या. चौथी शिकलेला होता, पण लिहिण्याचा त्याला कंटाळा. ज्या आकड्याचा निकाल लागे, तेवढे चिंचोके मोजून तो फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवी. अशा पुरचुंड्या आढ्याला लटकलेल्या असत. सोजराबाई त्यांना "यायचं देवघर", म्हणजे नवऱ्याचं देवघर, म्हणायची.

एवढं चाळून त्याला एक नेम सापडला. बारानं ज्याला भाग जातो तो आकडा मिसळतोच. बारापासून एकशेवीसपर्यंत बाराचा अख्खा पाढा त्यानं मांडून पाहिला आणि एकदाही दगा झाला नाही. संचातल्या पोरांना तो ठासून सांगे, "बारानं भाग गेला का डोळे मिटून उभे राहा." कोणावर भरोसा न ठेवणाऱ्या माणसानं या एका गोष्टीवर ठेवला होता.

या नादापायी एक रीत पडली. सरावाला एकोणतीस पोरं आली की पाच जण बसायचे, एकतीस आली की एकानं घरी जायचं. पंचवीस आली की हटकून एकाला रजा. ही रजा बहुतेक वेळा मोतीरामच्या वाट्याला यायची.

मोतीराम हा इंद्रभानचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचं शेत मळ्याला लागून, एकाच पाटाचं पाणी दोघांना. ठेंगणा, अबोल, लेझमीत हात चांगला. इंद्रभाननं नुसतं पाहिलं की तो समजे, लेझीम देवळाच्या कट्ट्यावर ठेवी आणि निघून जाई.

या रजेची कुजबुज गावात सुरू झाली. दिवस लढाईचे. सरकारनं कवायतीवर बंदी घातलेली, पण लेझीम म्हणजे देवाचं काम म्हणून आमच्याकडे कोणी बोललं नव्हतं. तरी रामराव पाटील संध्याकाळी पारावर बसून सगळं न्याहाळत असत. एकदा त्यांनी सोजराबाईच्या भावाला विचारलं, "इंद्रभान एकाले रोज कुठी धाडून राह्यला? अन् मंधातच बारा, चोवीस वरडते, ते काय?" त्यानं हसून सांगितलं की आकडा जमत नाही म्हणून. पाटील म्हणाले, "आकडा जमत नाई म्हनून जितं मानूस वापस? हे काई पटत नाई."

बेचाळीसचा पोळा होऊन पंधरवडा झाला असेल. देशभर धरपकड चालू होती. त्या संध्याकाळी सरावाला पंचवीस जण आले. इंद्रभाननं मोतीरामकडे पाहिलं, मोतीराम निघून गेला. त्याच सुमाराला, दिवे लागायच्या वेळी, गावापासून अर्ध्या कोसावर रुळाकडेच्या खांबांवरची तार कोणीतरी तोडली. मोतीरामला त्या वाटेनं जाताना रेल्वेच्या गँगमधल्या एका माणसानं पाहिलं होतं. ती त्याच्या शेताची नेहमीचीच वाट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले आणि मोतीरामला घेऊन गेले. दुपारी ते परत आले, ते इंद्रभानच्या घरी. आढ्याच्या पुरचुंड्या बघून शिपाई थबकले. एकानं एक सोडली, चिंचोके ओतले, मोजले. तीस. दुसरी सोडली. छत्तीस.

"हे कशाचे हिशोब?" शिपायानं विचारलं.

"हिसोब नाई साहेब, ओळीचे हायेत."

"कसल्या ओळी?"

इंद्रभाननं सांगायला तोंड उघडलं आणि त्याला कळलं की काहीही सांगितलं तरी ते वेडगळ वाटणार. पुरचुंड्यांसकट त्याला ठाण्यावर नेलं.

फौजदार नागपूरकडचे होते. कमी बोलणारे आणि दुसऱ्याला बोलू देणारे. त्यांनी इंद्रभानला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मिसळणारा आकडा म्हणजे काय?"

इंद्रभाननं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. हा शब्द संचातल्या पोरांपुढे तो कधी वापरत नसे. त्यांना तो नुसता आकडा सांगे. शब्द घरात सोजराबाईला ठाऊक होता आणि बाहेर एका मोतीरामला.

"तुमाले कोन सांगलं, साहेब?"

"तुझ्याच माणसानं. त्यानं बरंच सांगितलं आहे. तू आपला तुझ्या तोंडानं सांग."

इंद्रभाननं सगळं सांगितलं. फौजदारांनी मधे एकदाही टोकलं नाही. मग त्यांनी संचातल्या पोरांना बोलावून घेतलं, त्यांत आपले शिपाई उभे केले आणि आवारात वीस माणसं केली. म्हणाले, "आता सांग, काय होईल?"

"दोनाच्या चार होतानी तुटतीन. चाराच्या पाच होतानी मिसळतीन. पाचाच्या दहा होतानी पुन्हा तुटतीन."

तसंच झालं. "आता बारानं भाग जाते तो कोनताबी घ्या," इंद्रभान म्हणाला. त्यांनी छत्तीस घेतले, तेही त्यानं म्हटल्याप्रमाणे मिसळत गेले. इंद्रभानला वाटलं, सुटलो. फौजदार बराच वेळ पायांनी माती उकरत उभे राहिले.

"एवढं सगळं न लिहिता डोक्यात ठेवतोस?"

"हाव साहेब."

"मग निरोपही ठेवता येत असतील. आणि एक माणूस कमी केला की त्याचा अर्थ काय, हेही समोरच्याला कळत असेल." ते शांतपणे म्हणाले. "मी तुला खोटारडा म्हणत नाही. पण तू सांगतोस ते खरं असलं, तरी तुझ्याबद्दलची माझी शंका कमी होत नाही. वाढते."

पुरावा काहीच नव्हता, म्हणून खटला झाला नाही; एक रात्र ठेवून इंद्रभानला सोडलं. लेझीम बंद करण्याचा हुकूम निघाला आणि इंद्रभाननं दर बाजाराच्या दिवशी ठाण्यावर हजेरी द्यावी असं ठरलं. मोतीराम आदल्या दिवशी दुपारीच सुटून आला होता. पाटलांनी त्याच्यासाठी शब्द टाकला होता.

इथून इंद्रभानच्या मनात जे सुरू झालं, ते जवळजवळ तीन वर्षं थांबलं नाही.

तो घरी बसून एकेक गोष्ट लावून बघे. फौजदाराला तो शब्द ठाऊक होता. मोतीराम आपल्याआधी सुटला. पाटलांनी त्याच्यासाठी शब्द टाकला, आपल्यासाठी नाही. सुटून आल्यावर मोतीराम मळ्याकडे फिरकला नाही, उलट पाटाची वाट सोडून बांधावरून लांबचा फेरा घालू लागला. पाण्याच्या पाळीला मजूर पाठवू लागला. एका दिवाळीला तर समोरासमोर आले आणि मोतीरामनं उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवला, जणू रामरामही करायचा नव्हता. काहीही घडो, ते एकाच बाजूला बोट दाखवी.

"त्यानंच सांगलं," इंद्रभान म्हणे.

सोजराबाई भाकरी थापत म्हणे, "असंन. नसंन."

"नसंन कसं? सगळं जुळते."

हजेरीला जाताना वाटेत गाडीवान गाडी थांबवीत नसत. बाजारात भाजी घेणारे आधी इकडेतिकडे बघत. संचातली पोरं दुरून निघून जात. इंद्रभान त्या प्रत्येकाच्या चेहऱ्यात मोतीरामला बघे. पुढे पुढे तो सोजराबाईवरही नजर ठेवू लागला. ती पाणवठ्यावर कोणाशी बोलली, किती वेळ बोलली, मोतीरामच्या घरची कोणी होती का. एकदा तिनं घागर दारातच ठेवली आणि सांगितलं, "आता मलेबी बसवा घरी, मी एक जादा होऊन राह्यली असंन तं." तेव्हापासून त्यानं तिला विचारणं सोडलं, पण मनातलं सोडलं नाही.

पंचेचाळीसच्या चैत्रात सोजराबाई ओसरीत चिंचा फोडत होती. ताजे चिंचोके समोर पडलेले पाहून इंद्रभाननं बऱ्याच दिवसांनी तरट अंथरलं. बाराचा पाढा जिथं थांबवला होता, तिथून पुढं निघाला. एकशेबत्तीस मांडले. मिसळले. एकशेचव्वेचाळीस मांडले. ओळी मोडायला दुपार गेली, पण मिसळले. मग त्यानं आणखी बारा चिंचोके त्यात घातले. एकशेछप्पन.

दोन ओळी, तीन, चार, सहा. इथवर नेहमीसारखं. सहाच्या पुढे कितीच्या सारख्या ओळी होतात ते तो बघू लागला. सात होईनात. आठ होईनात. नऊ, दहा, अकरा, काहीच बसेना. एकदम बारा बसले. आणि सहाच्या बारा करायला त्याला एकही चिंचोका दुसऱ्या ओळीत न्यावा लागला नाही. सहाही ओळी मधोमध तुटल्या आणि अर्ध्या बाजूला सरकल्या.

त्याला वाटलं, मोजण्यात चूक झाली. गोळा केले, पुन्हा मोजले, पुन्हा मांडले. पुन्हा सहावरून बारा, पुन्हा नुसती तूट. सोजराबाई हातातली चिंच तशीच धरून बघत होती.

"काय झालं?"

"बाराचा पाढा तुटला."

"म्हंजे?"

"बारानं भाग जाते तो मिसळते, असं मी म्हनत होतो. बारा खेपा मांडून पाह्यलं, बाराही खेपा खरं निघालं. अन् ह्या तेराव्याले तुटलं." तो तरटाकडे बघत होता. "फौजदाराच्या आंगनात म्या छातीठोक सांगलं होतं, कोनताबी घ्या म्हनून."

सोजराबाईनं चिंच टोपलीत टाकली. "बारा खेपा जुळलं म्हनून तेराव्या खेपेले जुळंनच, असं तुमाले कोन सांगलं होतं?"

त्यानं चिंचोके एकेक करून गोळा केले. तिन्हीसांजेपर्यंत तिथंच बसून राहिला. मग म्हणाला, "मोतीरामचंबी म्या असंच जुळवलं. जे जुळलं ते मोजलं, अन् त्याले मातर काई इचारलंच नाई."

"मले काय सांगता? जाऊन इचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाटाच्या वाटेनं मोतीरामच्या शेतात गेला. मोतीराम कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होता. इंद्रभानला येताना पाहून तो उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही. दोघांत एका वाफ्याचं अंतर राहिलं.

"तुले एक इचाराचं हाय," इंद्रभान म्हणाला.

"तीन वर्सानं?"

"हाव. तीन वर्सानं."

मोतीरामनं डाव्या हातानं घाम पुसला. "आधी मले इचारू दे. त्या दिवशी तू मलेच काऊन धाडलं बे? पंचवीस जन होते. तार तुटाची त्याच वक्ती मले त्याच वाटेनं काऊन धाडलं? तुले काई ठावं होतं का?"

इंद्रभानला हे कधी सुचलंही नव्हतं. आपण ज्याच्यावर संशय घेतला, तो तितकीच वर्षं आपल्यावर घेत असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मले काई ठावं नोतं."

"मंग मलेच काऊन? नेहमी मलेच काऊन?"

खरं सांगायला इंद्रभानला जड जात होतं. "बाकीच्यायले जा म्हनलं का ते तोंड वाकडं करत. तू कधी रागावला नाईस. म्हनून तुले."

मोतीरामनं हातातली पऱ्हाटी ढिगावर टाकली. "रागावत होतो," तो म्हणाला. "दाखवत नोतो. घरी जाऊन जेवत नोतो त्या दिवशी."

पाटाचं पाणी वाहत होतं. कोणीतरी बांधावरून बैल नेले.

"आता तू सांग," इंद्रभान म्हणाला. "फौजदाराले मिसळनारा आकडा हा सबद तू सांगला का?"

"सांगला. त्यायनं इचारलं, तुले वापस काऊन धाडलं? मी म्हनलं, पंचवीस मिसळनारा आकडा नाई म्हनून. खरं तेच सांगलं. त्यायले वाटलं मी सोंग करून राह्यलो." मोतीरामनं उजवा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडी होऊन ताठ बसली होती. "हे तवाचं. पाटलानं पाह्यलं, मंग सोडवून आनलं. अन् निंगतानी फौजदार मले म्हनला, तुझ्या इंद्रभाननं सगळं तुझ्यावर टाकलं, तुलेच तार तोडाले धाडलं असं तो सांगून राह्यला."

"मी तं तवा ठाण्यावर गेलोच नोतो," इंद्रभान म्हणाला.

"ते मले काय ठावं? मी तं म्हनलं, तुलेबी सकाळपासून धरला असंन."

इंद्रभान बांधावर बसला. त्यालाही फौजदारांनी तेच सांगितलं होतं, तुझ्याच माणसानं सांगितलं म्हणून. दिवाळीत मोतीरामनं सोग्यात लपवला तो हा हात होता.

"लपवला काऊन? दाखवाचा होता."

"तुले दाखवून काय करू? मले वाटलं, तूच तोडवला."

त्या दिवशी ते गळ्यात पडले नाहीत. इंद्रभाननं वाफ्यात उतरून पऱ्हाट्या उपटायला हात लावला आणि मोतीरामनं त्याला नको म्हटलं नाही. ऊन चढल्यावर दोघांनी लिंबाखाली भाकर खाल्ली, मोतीरामच्या घरची.

लढाई संपली, हजेरी सुटली, आणि पुढच्या वर्षी लेझीम पुन्हा सुरू झाली. जुनी पोरं काही आली, काही आली नाहीत. मोतीरामला लेझीम धरता येईना, म्हणून त्यानं ढोल घेतला. डाव्या हातानं टिपरू धरायचं त्यानं महिनाभर शेतात शिकून घेतलं. पहिल्या सरावाला एकोणतीस जण जमले. इंद्रभाननं ओळी पाडायच्या आधी सगळ्यांकडे पाहिलं आणि कोणालाच घरी पाठवलं नाही. एकोणतिसाच्या सारख्या ओळी होतच नाहीत, तेव्हा सगळे गोलात खेळले. ते तितकं देखणं झालं नाही, असं पाटील पारावरून म्हणाले.

तार कोणी तोडली, ते शेवटपर्यंत उघड झालं नाही. ते फौजदार बदलून गेले, पाटलांचं वय झालं, तरी गावात ती गोष्ट निघायची. कोणी म्हणायचं नांदुऱ्याची पोरं होती, कोणी म्हणायचं रेल्वेचाच माणूस. मग एखादा आवाज खाली आणून म्हणायचा, आपल्याच गावचं कोणी असणार. अशा वेळी इंद्रभान आणि मोतीराम तिथं बसलेले असले, तर क्षणभर एकमेकांकडे बघत. मग त्यांतला एक जण विचारी, उद्या पाण्याची पाळी कोणाची, आणि दोघं उठून जात.